सहा ग्लासांची पंगत

दिवाळीच्या सुमारास काटोलात दोन ठिकाणं एकदम भरतात. आंबिया बहराच्या संत्र्यांनी बाजार भरतो आणि पुण्या-मुंबईहून सुटीवर आलेल्या पोरांनी परमिट रूम. नागपूरहून साठेक किलोमीटरवर, इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर वसलेलं हे तालुक्याचं गाव संत्र्यासाठी ओळखलं जातं. बाहेरगावी नोकरीला गेलेली पोरं सणाला परतली की शाळेतले सोबती गोळा होतात, आणि त्यातले काही जण एखाद्या संध्याकाळी गावातल्याच परमिट रूममध्ये टेबल जोडून बसतात.

अशाच एका संध्याकाळी मी काउंटरला लागून लिंबू-सोडा घेऊन बसलो होतो. सहा तरुणांच्या टेबलावरून मागणी आली, सहा शॉट, मिक्सवाले. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये क्वार्टर, नाईंटी, स्मॉल, लार्ज हे शब्द रोजचे. शॉट हा शब्द या पोरांनी शहरातून आणलेला. काउंटरमागे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांनी सहा छोटे ग्लास काढले, एकेक उजेडात धरून पाहिला, फडक्याने पुसला आणि काठाला काठ लागेल अशी ओळ मांडली. मग पेग मेजर घेऊन तीन द्रव मोजून शेकरमध्ये घातले, वर बर्फ, झाकण, आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवणं.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यासाठी हा लेख लिहितो आहे. गाळणी लावून त्यांनी डावीकडून उजवीकडे सहाही ग्लास अर्धेच भरले. शेवटच्या ग्लासाशी थांबून उलटे फिरले आणि उजवीकडून डावीकडे येत उरलेलं ओतलं. मग शेकर खाली ठेवून ते कमरेत वाकले, डोळे ग्लासांच्या काठाच्या रेषेत आणले आणि चौथ्या ग्लासात चार थेंब टाकले.

मी विचारलं, "काका, इतकं वाकून काहून पाहता?"

"पैसे सारेच सारखे देतेत भाऊ," ते म्हणाले, "मंग गिलास कमी-जास्त कसा चालन?"

पोरांनी ते सहा ग्लास दोन सेकंदांत रिकामे केले. भरायला दोन मिनिटं लागली होती.

मराठीतला जुना शब्द

एका पंगतीत बसलेल्यांना वाढताना दुजाभाव करणं याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. एकाच्या पानात तूप धारेनं, दुसऱ्याच्या पानात थेंबानं, हा वाढप्याचा सर्वांत मोठा दोष मानला गेला. वाढपी ओळखीचा असला तर शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं, हे आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्यामागे न्याय न मिळाल्याचा कितीतरी पिढ्यांचा अनुभव आहे. तूप, आमटी, ताक वाढायला ओगराळं आलं ते यासाठीच. ओगराळं म्हणजे उभ्या दांड्याचं खोल भांडं. एकदा बुडवून काढलं की दर वेळी तेवढंच येतं. वाढणाऱ्याचा लोभ, राग, ओळख यांना त्या भांड्यात फारशी जागा उरत नाही.

बारच्या काउंटरवरचा पेग मेजर हा त्या ओगराळ्याचाच धाकटा भाऊ. आणि एकदम सहा-आठ ग्लास भरणं ही पंगत वाढण्यासारखीच गोष्ट. एकाला एक पेग देणं सोपं आहे. माप भरलं, ओतलं, झालं. एकाच भांड्यात तयार केलेलं मिश्रण सहा जणांत वाटायचं असतं तेव्हा खरी परीक्षा होते. तिथे तीन प्रश्न एकदम उभे राहतात. एकूण किती बनवायचं? प्रत्येकाच्या वाट्याला सारखं कसं जाईल? आणि सारखं म्हणजे फक्त उंचीला सारखं, की कडकपणालाही?

शेरापासून मिलीलिटरपर्यंत

आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत माप म्हणजे शेर, अधशेर, पावशेर, छटाक. धान्याला पायली, अधोली, चिपटं, मापटं. गावागणिक ती बदलायची. १९५६ साली प्रमाणित वजन-मापांचा कायदा आला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत लागू झाली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यापारात ती सक्तीची झाली. शेर गेला, तरी 'पावशेर मारली' हा दारूबद्दलचा वाक्प्रचार मराठीत राहिला. माप बदललं तरी जिभेवरून उतरलं नाही.

आज बाटल्यांचं गणित सगळ्यांना पाठ आहे. पूर्ण बाटली ७५० मिली, हाफ ३७५, क्वार्टर १८०, नाईंटी म्हणजे ९०. स्मॉल पेग ३० मिली, लार्ज ६०. सध्या २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. विक्रीसाठी वापरलेलं माप वैधमापन यंत्रणेकडून तपासून, त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो आणि ठरावीक मुदतीने त्याची फेरतपासणी करावी लागते. किराणा दुकानातल्या वजनाला जो नियम, तोच बारमधल्या पेग मेजरला. गिऱ्हाइकाने शिक्क्याचं माप दाखवा म्हणणं हा उद्धटपणा नाही, तो त्याचा हक्क आहे.

ब्रिटनमध्ये पबमधली जिन, रम, व्होडका आणि व्हिस्की २५ किंवा ३५ मिलीच्या मापात, किंवा त्याच्या पटीतच विकावी लागते. पण तीन किंवा अधिक द्रव एकत्र केलेल्या पेयाला तिथला कायदा या मापातून सूट देतो. म्हणजे मिश्रणाच्या दारात कायदा थांबतो आणि पुढचं सगळं ओतणाऱ्याच्या हातावर सोपवतो. मिक्स शॉट मोजण्याचं कसब म्हणूनच महत्त्वाचं. तिथे गिऱ्हाइकाला वाचवायला ओतणाऱ्याची नियत आणि त्याचं गणित एवढंच असतं.

एका मोठ्या भांड्यात मिसळून अनेकांना वाटण्याची ही रीत जगाला बरीचशी आपल्या किनाऱ्यांवरून मिळाली. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची माणसं अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला एकत्र करून प्यायची. त्या पेयाला ती 'पंच' म्हणत. १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेच्या बाजूला असलेल्या आणि जुन्नरपर्यंत जाऊन आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने हा शब्द आपल्या 'पाच'शी जोडला आहे. ही व्युत्पत्ती सर्व भाषातज्ज्ञांना मान्य नाही, पण पद्धत स्पष्ट आहे. मोठं भांडं, एक पळी आणि भोवती बसलेली मंडळी. आधी मिसळायचं, मग मापाने वाटायचं. शेकरमध्ये सहा शॉट बनवणारा माणूस आजही तेच करतो.

माणशी दहा

आता प्रत्यक्ष गणित. त्यासाठी जगभर चालणारा एक साधा मिक्स शॉट घेऊ. कामिकाझी नावाचा. त्यात तीन द्रव समभाग असतात: व्होडका, संत्र्याच्या सालीचं लिकर आणि लिंबाचा ताजा रस. एका शॉट ग्लासात ४० मिली द्यायचं ठरवलं. सहा ग्लास, म्हणजे २४० मिली.

नवखा माणूस इथेच चुकतो. तो २४० ला तीनने भागतो, प्रत्येक द्रव ८० मिली घालतो, हलवतो, आणि सहा ग्लास भरून झाल्यावर शेकरमध्ये बरंच उरलेलं पाहून गोंधळतो. ते वाया जातं, किंवा कुणातरी एकाच्या ग्लासात जातं. त्याच्या हिशेबात चौथा घटक राहून गेलेला असतो: बर्फाचं पाणी.

बर्फ वितळताना उष्णता घेतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती तो भोवतालच्या पेयातून ओढतो. म्हणून पेय गार होणं आणि त्यात पाणी मिसळणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. १८० मिली मिश्रण पंचवीस अंशांवरून शून्याच्या जरा खाली न्यायचं, तर साधारण ६० ग्रॅम बर्फ वितळतो. मद्य असल्यामुळे मिश्रण शून्याखाली जाऊनही गोठत नाही.

आता बेरीज पाहा. व्होडका ६०, लिकर ६०, लिंबाचा रस ६०, बर्फाचं पाणी सुमारे ६०. एकूण २४०. चार समान भाग, सहा ग्लास, प्रत्येकी ४०. म्हणजे दर माणशी प्रत्येक द्रव दहा मिली, आणि दहा मिली जागा पाण्यासाठी सोडलेली. 'माणशी दहा' एवढं लक्षात ठेवलं की कागद-पेन लागत नाही. स्मॉल माप तिघांना पुरतं, लार्ज सहांना. नऊ जण असतील तर प्रत्येक द्रव लार्ज एक आणि स्मॉल एक. दोनच मापांवर सगळा कारभार चालतो.

विदर्भात मात्र या गणिताला एक दुरुस्ती लागते. उन्हाळ्यात नागपूर जिल्ह्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. फडताळात ठेवलेली बाटली चाळीस अंशांवर असेल, तर तेवढंच गार करायला साठऐवजी नव्वद ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळेल. शॉट मोठा होईल आणि पांचट लागेल. म्हणून मेच्या महिन्यात बाटल्या आणि रस आधी फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि बर्फ कडक, कोरडा घ्यावा. पाण्यात तरंगणारा अर्धवट वितळलेला बर्फ शेकरमध्ये जाण्याआधीच पाणी घेऊन येतो, आणि ते पाणी कुणी मोजलेलं नसतं.

शेकरलाही मर्यादा आहे. त्यात द्रव आणि बर्फ दोन्हीला हलायला मोकळी जागा हवी. गच्च भरलेला शेकर कितीही हलवला तरी आतलं नीट मिसळत नाही. म्हणून घरगुती आकाराच्या शेकरात एका वेळी सहा शॉट पुरे. बारा हवे तर दोनदा करावे.

तीस जणांची मंडळी असेल तर शेकर बाजूला ठेवून जग घ्यावा. प्रत्येक द्रव ३०० मिली आणि प्यायचं साधं पाणी ३०० मिली. बर्फाने जे पाणी दिलं असतं, ते आपण मोजून घालायचं. मिश्रण झाकून फ्रिजमध्ये खूप गार करायचं, लिंबाचा रस मात्र अगदी शेवटी. हे पाणी घालायला लोक कचरतात. त्यांना ती भेसळ वाटते. पण पाणी हा त्या पेयाचा घटकच आहे. ते वगळलं तर प्रत्येक घोट तिसऱ्या हिश्श्याने जास्त कडक होतो, आणि पिणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

डोळ्यांची फसवणूक

मोजून बनवलं, आता वाटायचं. इथे डोळा दगा देतो.

आपल्याकडे घरगुती बैठकीत 'दोन बोटं' हे माप अजून चालतं. पण ग्लासाचा घेर बदलला की बोटांचा अर्थ बदलतो. सहा सेंटीमीटर व्यासाच्या ग्लासात तीन सेंटीमीटर उंचीला सुमारे ८५ मिली बसतं. आठ सेंटीमीटर व्यासाच्या ग्लासात तेवढ्याच उंचीला दीडशे. बोटं तीच, दारू पावणेदोन पट. शंकूच्या आकाराच्या ग्लासात तर अर्ध्या उंचीपर्यंत भरलं तरी फक्त आठवा भाग भरलेला असतो. बाकी सगळं वरच्या अर्ध्यात.

शॉट ग्लास खाली निमुळता आणि वर पसरट असतो, शिवाय त्याचा तळ जाड काचेचा. तोंडाचा व्यास पाच सेंटीमीटर असेल, तर काठाजवळ दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास चार मिली. चाळीस मिलीच्या शॉटचा तो दहावा भाग झाला. उभं राहून वरून पाहिलं तर दोन मिलिमीटर दिसतही नाहीत. काउंटरमागचे काका वाकून डोळे काठाच्या रेषेत आणत होते, त्याचं कारण हे. शाळेच्या प्रयोगशाळेत मोजपात्र वाचताना डोळा पातळीला समांतर ठेवा असं शिकवतात, तोच धडा.

दोन फेऱ्यांत ओतण्याचं कारणही तितकंच पक्कं आहे. एका दमात पहिला ग्लास पूर्ण भरला, मग दुसरा, मग तिसरा, तर सुरुवातीला हात सढळ असतो आणि शेवटी आखडतो. सहाव्याच्या वाट्याला जे उरेल ते. शिवाय ओतत असताना शेकरमधला बर्फ वितळतच असतो. म्हणून उंची सारखी आली तरी शेवटचा ग्लास जरा पाणचट राहतो. डावीकडून उजवीकडे अर्धं, आणि परत येताना अर्धं, असं केलं की पहिल्या ग्लासात पहिली धार आणि शेवटची धार दोन्ही पडतात. शेवटच्या ग्लासात मधल्या दोन. कडकपणाही सारखा वाटला जातो.

बस स्टँडवरचा चहावाला हेच रोज करतो. एका केटलीत आठ ग्लासांचा चहा, ग्लास चिकटून मांडलेले. तो सगळ्यांत थोडा थोडा सोडत जातो आणि परत फिरून पुरा करतो. आधी ओतलेला चहा वरचा आणि नंतरचा खालचा, दाट. दोन फेऱ्यांत दोन्ही सगळ्यांना मिळतात. रसवंतीवाला उसाच्या रसाच्या जगातून ग्लासांची रांग भरताना फेसाचा अंदाज घेऊन पुन्हा फिरतो. या माणसांना बारटेंडिंगच्या वर्गाची गरज पडलेली नाही. पंगत वाढण्याची रीत त्यांच्या हातात आहे.

ग्लास काठाला काठ लावून मांडण्यामागेही असंच कारण आहे. धार न तोडता एका ग्लासातून दुसऱ्यात जाता येतं, मध्ये सांडत नाही, आणि सगळ्या पातळ्या एका नजरेत दिसतात. मात्र सगळे ग्लास एकाच आकाराचे आणि टेबल सपाट असलं पाहिजे.

हा प्रयोग वाचकांनी घरी साध्या पाण्याने करून पाहावा. सहा सारखे ग्लास, २४० मिली पाणी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढंच लागतं. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे काटाच माप सांगतो. आधी एका फेरीत भरा आणि प्रत्येक ग्लासाचं पाणी तोला. मग दोन फेऱ्यांत भरा आणि पुन्हा तोला. मी हे घरी जेवणाच्या टेबलावर केलं. पहिल्या खेपेला डोळ्यांना सारखे वाटलेले ग्लास काट्यावर सारखे नव्हते, आणि मला माझ्या हाताबद्दलचा विश्वास बदलावा लागला.

मोठ्या शहरांतल्या बारमध्ये काही जण मेजर न वापरता बाटलीच्या तोंडाला पोअरर लावून मनात आकडे मोजत ओतताना दिसतात. पोअररमध्ये हवा आत जायला वेगळी नळी असते, म्हणून धार एकसारखी राहते आणि ठरावीक आकड्यांत ठरावीक माप पडतं. पण तो आकडा व्होडकासाठी वेगळा आणि दाट लिकरसाठी वेगळा. साखरेचं लिकर सावकाश वाहतं, गार असेल तर आणखी सावकाश. या कलेत तरबेज झालेले लोक पाण्याच्या बाटलीवर सराव करून मापाच्या नळीत पुन्हा पुन्हा तपासून पाहतात. तपासणी सोडली की हात हळूहळू स्वतःचंच माप ठरवू लागतो.

मुंबईत १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने हॉटेल व्यवस्थापनाची संस्था सुरू झाली आणि हा व्यवसाय रीतसर शिकण्याची वाट खुली झाली. भारतातल्या पहिल्या महिला बारटेंडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शतभी बासू यांनी मुंबईतच 'स्टर' ही बारटेंडिंगची अकादमी काढून कितीतरी तरुणांना शिकवलं. पण तालुक्याच्या गावात काउंटरमागे उभा राहणारा माणूस बहुधा कुणाच्या तरी हाताखाली पाहून शिकलेला असतो. त्याच्या कौशल्याला ना प्रमाणपत्र, ना नाव. त्याचं कसब समाजाने ओळखायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संत्र्याची साल आणि संत्र्याचा रस

कामिकाझीतला दुसरा द्रव काटोलकरांनी लक्ष देऊन पाहावा. संत्र्याच्या सालीच्या तेलाचा सुगंध मद्यात उतरवून, साखर घालून ते लिकर बनतं. फ्रान्समधल्या आंजे गावातल्या क्वांत्रो घराण्याने एकोणिसाव्या शतकात ते जगभर नेलं. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटाचं नाव तर तिथल्या कडू संत्र्याच्या सालीमुळेच बाटलीवर आलं. त्या संत्र्याची फोड खाण्याजोगी नव्हती, तरी त्या लोकांनी सालीचं मोल ओळखलं.

आमचं संत्रं वेगळ्या जातीचं. सैल सालीचं, नखाने सोलता येणारं. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादहून रोपं आणली असं सांगतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र काटोललाच आहे. इतकं असून संत्र्याची साल आपण उकिरड्यावर टाकतो, आणि परमिट रूममध्ये संत्र्याचं लिकर दूरच्या देशातून येतं. ज्या गावात संत्र्यांनी ट्रक भरतात त्या गावासाठी ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

रसाच्या मिश्रणात नागपुरी संत्र्याचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. रस काढून ठेवला की तो काही वेळाने कडवट होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारण आहे. बियांमध्ये ते भरपूर असतं आणि रस काढल्यावर रसाच्या आंबटपणात हळूहळू तयारही होत जातं. म्हणून बिया न चिरडता हलक्या हाताने रस काढावा आणि लगेच वापरावा. तीस जणांचा जग आदल्या रात्री करून ठेवायची सोय इथे चालत नाही. दिवाळीला येणारा आंबिया बहर जरा आंबट, उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा मृग बहर गोड. त्यानुसार लिंबू कमी-जास्त करावं.

भाऊबीजेला आमच्या घरी बारा जण होते, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं. मी दारूचा थेंबही नसलेले बारा छोटे ग्लास भरले. माणशी तीस मिली संत्र्याचा रस, पाच मिली लिंबाचा रस, पाच मिली आल्याचा रस घातलेला साखरपाक, चिमटीभर मीठ. म्हणजे ३६० मिली संत्रा, ६० लिंबू, ६० पाक. फळं आणि भांडं आधीच गार केलेलं, त्यामुळे बर्फ नाही आणि पाण्याचा हिशेबही नाही. बारा ग्लास दोन ओळींत काठाला काठ लावून मांडले, एकदा जाताना अर्धे आणि परत येताना पुरे. आमची आत्या पेला उचलण्याआधी सगळ्या ग्लासांकडे पाहत राहिली. "सगळ्यायले सारखं भरलं की रे बाबा," ती म्हणाली. तिने आयुष्यभर लग्नाच्या पंगती वाढल्या आहेत.

सारखं माप, ओळखलेलं माप

या सगळ्या मोजणीचा शेवटचा अर्थ तब्येतीशी जोडलेला आहे.

भारतातल्या व्होडका-व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. आपल्या चाळीस मिलीच्या शॉटमध्ये दहा मिली व्होडका आणि चाळीस टक्क्यांचं दहा मिली लिकर, म्हणजे साडेसहा ग्रॅम. तीन शॉट म्हणजे जवळपास दोन स्मॉल पेग. गोड-आंबट चवीमुळे ते जिभेला कळत नाही, पण रक्ताला कळतं.

आता निष्काळजी ओतणीचा परिणाम पाहा. त्याच शेकरमधून पहिल्या ग्लासात ५५ मिली गेलं आणि शेवटच्यात २५, तर पहिल्याला नऊ ग्रॅम मद्यार्क आणि शेवटच्याला चार. बसायच्या जागा त्याच, ओतायचा क्रम तोच, आणि तीन फेऱ्या झाल्या, तर एकाच्या पोटात जवळपास तीन पेग आणि दुसऱ्याच्या पोटात एकाहून जरासे जास्त. दोघंही म्हणतील, आम्ही तीनच शॉट घेतले. पहिला माणूस त्या भरवशावर मोटारसायकलची किल्ली उचलेल. मोटार वाहन कायद्याने शंभर मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की वाहन चालवणं गुन्हा आहे. आणि काटोलच्या रस्त्यांवर रात्री संत्र्याचे ट्रक असतात, बैलगाड्या असतात, पायी चालणारी माणसं असतात.

दारू हा हलकेपणाने लिहायचा विषय नाही, याची मला जाणीव आहे. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या सेवाग्राममुळे १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा जिल्हा आहे. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा. 'परमिट रूम' हा शब्दच त्यातल्या परवान्यातून आलेला. कडक मद्य पिण्याचं वय आपल्या राज्यात पंचवीस वर्षं आहे. ज्यांना प्यायची नाही त्यांनी ठामपणे नाही म्हणावं, आणि सोबत्यांनी त्यांच्या हातात ग्लास कोंबू नये. एकदम सहा शॉट मागवण्याच्या रीतीत हा आग्रह लपलेला असतो; टेबलावर सहा जण आणि सहावा घेत नसेल, तर पाचच मागवावेत. माणशी दहा हे गणित पाचांनाही तितकंच चालतं.

पण जिथे ओतलं जातं तिथे ते मोजून ओतलं जावं. बार चालवणाऱ्यांनी शिक्क्याचं माप काउंटरवर गिऱ्हाइकाला दिसेल असं ठेवावं, मिक्स शॉटमध्ये किती मद्य आहे ते दरपत्रकावर मिलीलिटरमध्ये लिहावं, आणि काउंटरमागच्या माणसाला दोन मिनिटं वाकून पाहायची उसंत द्यावी. गिऱ्हाइकाने माप विचारावं. घरी मित्रांना बोलावणाऱ्याने दोन बोटांचा अंदाज सोडून पन्नास-शंभर रुपयांचा पेग मेजर घ्यावा आणि पाणी मोजून घालायला लाजू नये. पंगतीत शेवटी बसलेल्याच्या ग्लासात पहिल्याइतकंच असावं, तेवढंच कडक, तेवढंच गार. आणि किती घेतलं हे घेणाऱ्याला नेमकं ठाऊक असावं.